आमच्या न्हाणीघराचा कायापालट

आपल्याकडे नव्या घराचे कौतुक करायला आलेला पाहुणा दिवाणखान्यापासून सुरुवात करतो आणि स्वयंपाकघराशी थांबतो. न्हाणीघर पाहायला कोणी मागत नाही, आणि आपणही ते दाखवत नाही. वास्तविक घरातल्या लहानथोरांचा दिवस सुरू होतो तो तिथेच. दिवाणखान्याविना महिना काढता येईल. न्हाणीघराविना एक सकाळ निघणे कठीण. तरीही घर नवे करायला काढले की रंग दिवाणखान्याला, कपाटे स्वयंपाकघराला, आणि उरलेसुरले पैसे व उरलीसुरली अक्कल न्हाणीघराला, असाच हिशेब बहुतेक घरांत असतो. आमच्या घरी यंदा हा हिशेब उलटा झाला. त्याची ही हकीगत. दिवाळी उरकली की ज्यांच्या घरी मिस्त्री यायचे आहेत, त्यांना तिचा थोडाफार उपयोग होईल अशी आशा आहे.

आमचे घर पुण्यातल्या एका सोसायटीत, दुसऱ्या मजल्यावर. इमारत १९८४ सालची. बोळाच्या टोकाला सात फूट बाय चार फुटांचे न्हाणीघर आणि त्याला लागून तीन बाय चारचा संडास, मध्ये चार इंची भिंत. संडास भारतीय पद्धतीचा, आणि त्याला चढायला सात इंचांची पायरी. घरात माणसे चार: सासूबाई, आम्ही दोघे आणि कॉलेजात जाणारी मुलगी. चाळीस वर्षांत या जागेला आम्ही रंगाखेरीज काही लावले नव्हते, आणि कुणाची तक्रारही नव्हती.

तक्रार नव्हती, पण सासूबाईंच्या वागण्यात एक फरक पडला होता. त्यांना एक्याऐंशीवे लागले. संध्याकाळचा चहा त्यांनी बंद केला. मग रात्रीच्या जेवणानंतरचे पाणी बंद झाले. उशाशी ठेवलेला तांब्या सकाळी जसाच्या तसा भरलेला सापडू लागला. मी विचारले तर म्हणाल्या, “रात्री उठावं लागत नाही गं. बरं पडतं.” बरे कसले पडते! आमच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले, की या वयात तहान मुळातच कमी लागते. त्यात पाणी मुद्दाम तोडले तर लघवीचा त्रास होतो, चक्कर येते, आणि चक्कर आली की माणूस पडतो. म्हणजे जी पायरी चुकवायची म्हणून त्या पाणी पीत नव्हत्या, तिच्यावरच पडण्याची ही तयारी होती. त्या दिवशी यांनी आणि मी ठरवले, की सोफा नंतर पाहू, आधी न्हाणीघर.

जुन्या मोरीपासून घेण्यासारखे

सासूबाईंचे बालपण वाड्यात गेले, तारुण्य मुंबईच्या चाळीत. त्यामुळे न्हाणीघराचा विषय निघाला की त्यांच्या आठवणींना तोटा नाही. वाड्यातली न्हाणी, कोपऱ्यात तांब्याचा बंब, पितळी घंगाळ, खाली खडबडीत दगड. चाळीत खोलीच्या एका कोपऱ्यात वीतभर कठड्याची मोरी, तिथेच भांडी, तिथेच आंघोळ, आणि संडास गॅलरीच्या टोकाला, सगळ्या मजल्याला मिळून. त्या दिवसांचे मी गोडवे गाणार नाही. बंबाच्या धुराने डोळे जात, आणि पावसाळ्यात रात्री कंदील घेऊन परसात जायचे म्हणजे धाडसच होते.

परंतु त्या मोरीत दोन गोष्टी शहाणपणाच्या होत्या. एक म्हणजे माणूस पाटावर किंवा दगडावर बसून आंघोळ करी. बसलेला माणूस पडत नाही. दुसरी म्हणजे पाणी कठड्याच्या आत राही. बाकीची जमीन कोरडी असे. हल्लीच्या न्हाणीघरात आपण उभे राहून, गुळगुळीत लादीवर, साबणाच्या पाण्यात, एका पायावर तोल सांभाळत पाय धुतो. विशीत हे जमते. ऐंशीत जमत नाही, आणि पन्नाशीतही बेताचेच जमते.

नरकचतुर्दशीची पहिली आंघोळ आठवून पाहा. एक जण पाटावर बसलेला, दुसरा तेल लावणारा, उटणे चोळणारा, पाणी घालणारा. म्हणजे न्हाणीघरात दोन माणसांची जागा हवी. हल्लीच्या चार फुटी खोपट्यात ती नसते, म्हणून तेल बाहेरच्या खोलीत लावून माणसाला आत पाठवतात. पण ही दोन माणसांची गरज वर्षातून एकदाचीच नसते. लहान मूल असते तेव्हा ती रोजची असते, आणि घरातले म्हातारे माणूस थकले की पुन्हा रोजची होते. आमच्या आखणीचे पहिले कलम हेच ठरले: आंघोळ करणारा बसलेला असेल आणि शेजारी दुसरे माणूस उभे राहू शकेल.

वही, टेप आणि खडू

मिस्त्रींना बोलावण्याआधी मी एक शंभर पानी वही केली. तिच्यात आठ दिवस फक्त नोंदी. कोण किती वाजता जाते, किती वेळ लागतो, कपडे कुठे टांगतो, साबण कुठे ठेवतो, ओला टॉवेल कुठे जातो. चार माणसांच्या नोंदींवरून असे दिसले, की सकाळी सात ते आठ या तासात खोळंबा व्हायचा तो आंघोळीने नव्हे. दात घासणे, दाढी आणि वेणीफणी यांनी. अर्थात बेसिन बाहेर बोळात आणले की निम्मी रांग संपते. हे कागदावर लिहिल्याशिवाय आमच्यापैकी कुणाच्या लक्षात आले नसते.

दुसरे काम खडूचे. सासूबाई आत जाताना, वळताना, बसताना, उठताना हात कुठे टेकतात, हे त्यांना दोनतीन दिवस कोरड्या न्हाणीघरात चालायला लावून मी पाहिले, आणि जिथे हात गेला तिथे भिंतीवर खडूने फुली मारली. अशा नऊ फुल्या झाल्या. त्यांतली एक टॉवेलच्या दांडीवर, एक नळाच्या तोटीवर, एक बेसिनच्या काठावर. म्हणजे माणसाचे वजन पेलण्यासाठी जी वस्तू केलेलीच नाही, तिच्यावर आमच्या सासूबाई रोज भरवसा टाकत होत्या. यांनी त्या फुल्या पाहिल्या आणि पुढे खर्चाबद्दल अवाक्षर काढले नाही.

मग टेप. आपल्या देशाच्या राष्ट्रीय बांधकाम संहितेत न्हाणीघरासाठी निदान १.८ चौरस मीटर, संडासासाठी १.१, आणि दोन्ही एकत्र असल्यास २.८ चौरस मीटर जागा सांगितली आहे. आमचे दोन्ही गाळे वेगवेगळे धरले तर त्या मापात बसत होते, परंतु तीन फूट रुंदीच्या संडासात आधाराला दुसरे माणूस आत शिरणे शक्य नव्हते. मधली भिंत काढली तर दहा बाय चारची सलग जागा मिळत होती, म्हणजे सुमारे ३.७ चौरस मीटर. एका टोकाला कमोड, दुसऱ्या टोकाला आंघोळ, मध्ये दार. बेसिन बाहेर. दोन्ही टोकांच्या खिडक्या कायम. सकाळच्या खोळंब्याची धास्ती मुलीला होती. तिने दारावर वेळापत्रक लावून टाकले, आणि स्वतःला सर्वांत लांब वेळ दिली.

भिंत काढायची म्हणजे घण घेऊन सुटायचे नाही. ती भिंत वजन पेलणारी आहे की नुसती पडदी, हे इमारतीच्या आराखड्यावरून स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून तपासून घ्यावे. तुळईला आणि खांबाला तर हातही लावायचा नसतो. नळासाठी त्यांच्यातून भोक पाडू देणारा मिस्त्री किती का स्वस्त असेना, त्याला दारातूनच नमस्कार करावा. सोसायटीला लेखी कळवून परवानगी घ्यावी, कामाच्या वेळा ठरवून घ्याव्यात, आणि राडारोडा कुठे टाकणार ते आधीच सांगावे. आम्ही जिन्यात चिठ्ठी लावली: दुपारी दोन ते चार तोडफोड बंद. पुण्यात या एका ओळीने शेजारधर्म टिकतो.

आधी पाण्याची वाट

आता कामाचा गाभा. न्हाणीघराची खरी आखणी लादीच्या वर होत नाही, खाली होते. आमच्या खालच्या मजल्यावरच्या वहिनींच्या न्हाणीघराच्या छताला दोन वर्षांपासून ओल होती. डागाचा आकार दर पावसाळ्यात बदलायचा. त्या भल्या बाई. वर येऊन कधी भांडल्या नाहीत. पण हळदीकुंकवाला आल्या की त्यांची नजर आमच्या बोळाकडे जायची. आमच्या घरातले पाणी त्यांच्या डोक्यावर ठिबकत होते, आणि घरातल्या संडास-न्हाणीची गळती दुरुस्त करणे हे सर्वसाधारणपणे त्या सदनिकाधारकाचेच काम असते.

लाद्या उखडल्यावर कारण दिसले. त्या काळच्या इमारतींत न्हाणीघराखालचा स्लॅब मुद्दाम खोल घेत, आणि तो खड्डा विटांच्या तुकड्यांनी व कोब्याने भरत. चाळीस वर्षांत लाद्यांच्या दरजांतून झिरपलेले पाणी त्या विटांत साठून राहिले होते. विटेचा तुकडा हातात घेतला तर स्पंजासारखा ओला. तात्पर्य, जुन्या लादीवरच नवी लादी चिकटवून देतो, चार दिवसांत काम होते, असे सांगणाऱ्यांचे आकर्षण कितीही वाटले तरी जिथे खाली ओल आहे तिथे तो मार्ग नाही. वरून साडी नवी, आत ताप तसाच.

आम्ही स्लॅबपर्यंत सारे काढले. स्लॅब धुऊन, वाळवून, भेगा भरून त्यावर ओलप्रतिबंधक लेपाचे थर दिले. जमीन आणि भिंत जिथे मिळतात तो कोपरा काटकोनात न ठेवता सिमेंटने गोल केला, कारण भेग पडते ती तिथेच. लेप भिंतीवर सगळीकडे फूटभर आणि आंघोळीच्या बाजूला पुरुषभर उंच नेला. मग भोके बुजवून दोन इंच पाणी भरले आणि अठ्ठेचाळीस तास तसेच ठेवले. भिंतीवर पेन्सिलीने पातळीची रेघ मारली. खाली वहिनी बॅटरी घेऊन सकाळ-दुपार-संध्याकाळ छत पाहत होत्या. दोन दिवसांनी त्या वर आल्या त्या लाडूंचा डबा घेऊनच! वाचकहो, मिस्त्री घाई करील, घरचे लोक कुरकुर करतील, पण या दोन दिवसांत काटकसर करू नका. लादी बसल्यावर आत काय आहे ते पुन्हा दिसत नाही.

हा विचार काही आजचा नाही. मोहेंजोदडोच्या घरांत साडेचार हजार वर्षांपूर्वी न्हाण्या होत्या. भाजक्या विटा अगदी भिडवून बसवलेल्या, एका कोपऱ्याकडे उतरत्या, आणि तिथून पन्हळ रस्त्यावरच्या गटाराला. तिथले प्रसिद्ध महास्नानगृह सुमारे बारा मीटर लांब, सात मीटर रुंद आणि अडीच मीटरच्या आसपास खोल. त्याचे पाणी जमिनीत मुरू नये म्हणून विटांच्या मागे डांबराचा थर दिलेला आढळला. वर दिसणाऱ्या विटेपेक्षा मागच्या थराची काळजी त्या कारागिरांनी अधिक घेतली होती.

उतार म्हणजे मिस्त्रींच्या भाषेत ढाळ. आंघोळीच्या भागाला ऐंशीस एक हे प्रमाण ठीक पडते. म्हणजे पाच फुटांना पाऊण इंच. याहून कमी दिला तर पाणी रेंगाळते आणि शेवाळ धरते. फार दिला तर पाट डुगडुगतो आणि म्हातारे पाऊल अडखळते. पाणसळ लावून तपासा, आणि लादी बसल्यावर तांब्याभर पाणी ओतून ते आपण होऊन कुठे जाते ते पाहा.

पाणी ज्या जाळीत जाते तिच्याखाली एक वाटीसारखी रचना असते. इंग्रजीत लिहिलेल्या आपल्या बांधकामाच्या पुस्तकांतही तिचे नाव ‘नहाणी ट्रॅप’ असेच आहे. इतका आपल्या न्हाणीचा मान! तिच्यात कायम निदान दोन इंच, म्हणजे ५० मिलिमीटर पाणी अडून राहते आणि गटाराचा वास व झुरळे वर येऊ देत नाही. कमोडच्या वाकड्या नळीचे तत्त्वही हेच. १७७५ साली अलेक्झांडर कमिंग या घड्याळजीने लंडनमध्ये अशा वाकड्या नळीचे पेटंट घेतले, आणि त्यानंतर हळूहळू शौचालय घराच्या आत येणे सुसह्य झाले. घर महिनाभर बंद ठेवून परत आल्यावर दुर्गंधी येते ती हे अडलेले पाणी वाळल्यामुळे. प्रत्येक जाळीत तांब्याभर पाणी ओतले की काम झाले. फिनेलची बाटली रिकामी करण्याचे कारण नाही.

कमोड कुठे ठेवावा यावर घरात बरीच चर्चा झाली. मासिकातल्या चित्रासारखा तो खिडकीसमोरच्या भिंतीला लावावा असे यांच्या मनात होते. परंतु मैल्याचा चार इंची नळ जिथे आहे तिथून कमोड सहा फूट हलवायचा, तर त्या नळाला जवळजवळ दोन इंच उतार द्यावा लागतो, तेवढी जमीन उचलावी लागते, आणि पुन्हा पायरी तयार होते. म्हणजे जिच्यासाठी सारा खटाटोप, तीच परत! कमोड जागच्या जागी राहिला. फ्लशची जुनी टाकी एका वेळी दहा लिटर ओतायची. नवीला दोन बटणे आहेत, एक तीन लिटरचे, एक सहाचे. नळांत मात्र एक पथ्य पाळा: गरम पाण्यासाठी सीपीव्हीसीचाच नळ घ्या. थंड पाण्याचा साधा यूपीव्हीसी नळ दिसायला भावंड असला तरी गरम पाण्याने तो मऊ पडतो.

लादीची मोहिनी

आता लादी. दुकानात गेलात की डोळे दिपतात. मोरबीहून येणाऱ्या लाद्यांत हल्ली संगमरवर आहे, लाकूड आहे, समुद्राची लाटही आहे. दुकानातला मुलगा प्रत्येक लादी पुसून चकाकत दाखवतो. आम्ही त्याच्याकडे साबणाचे पाणी मागितले. तो जरा गोंधळला, पण बादली आणून दिली. नमुन्याची लादी खाली ठेवून, तिच्यावर ते पाणी ओतून, मी चप्पल काढून तळपाय घासून पाहिला. सात लाद्यांपैकी पाच तिथेच बाद झाल्या. आमचे हे दुकानाबाहेर जाऊन उभे राहिले ते अलाहिदा.

ज्यांना हा प्रयोग प्रशस्त वाटत नसेल त्यांनी लादीच्या घसरणीचा वर्ग विचारावा. आर-९पासून आर-१३पर्यंत अशी ती जर्मन मोजणी आहे; आकडा मोठा तितकी पकड अधिक. घरगुती न्हाणीघराच्या जमिनीला आर-१० किंवा आर-११ पुरते. त्याहून खडबडीत घेतली तर मळ धरते आणि घासताना आपलाच जीव जातो. पाणी शोषणाचाही फरक आहे. व्हिट्रिफाइड लादी अर्ध्या टक्क्याहून अधिक पाणी पीत नाही; भिंतीची साधी सिरॅमिक लादी दहा टक्क्यांहूनही अधिक पिते. म्हणून भिंतीची लादी स्वस्त मिळाली तरी जमिनीवर लावू नये.

आकाराबाबत आमच्या मिस्त्रींचा सल्ला मला फार पटला. “वहिनी, दोन फुटी लादी चारी बाजूंनी जाळीकडे वाकत नाही. एक फुटी घ्या, ढाळ नीट बसतो, आणि दरजा जास्त म्हणून पायाला धरही येतो.” दरजा इपॉक्सीने भरून घेतल्या, खर्च थोडा अधिक, पण त्या पाणी पीत नाहीत. बोअरवेलच्या जड पाण्याचे पांढरे डाग काढायला लोक अॅसिड वापरतात. त्याने डाग जातो आणि त्यासोबत सिमेंटची दरजही खाल्ली जाते. आंघोळीनंतर शेवटच्याने रबरी पट्टीने भिंत निपटली तर डाग बसतच नाहीत. हे काम आमच्याकडे शेवटी जाणाऱ्याचे, म्हणजे यांचे आहे.

जमिनीचा रंग भिंतीहून निराळा घ्यावा. नजर अधू झालेल्या माणसाला पांढऱ्या जमिनीवर पांढरा कमोड दिसतच नाही. आमची जमीन शहाबादीसारखी राखाडी आहे आणि भिंती फिक्या. सासूबाई म्हणाल्या, “आमच्या मोरीचाच रंग आणलात की!”

गरम पाणी आणि वीज

गीझर पंधरा लिटरचा, दोन किलोवॉटचा घेतला. पंचवीस अंशांचे पंधरा लिटर पाणी साठ अंशांवर न्यायला त्याला सुमारे अठरा मिनिटे आणि ०.६ युनिट वीज लागते. म्हणजे दिवसभर चालू ठेवण्याचे काही कारण नाही. साठ अंशांचे पाणी म्हाताऱ्या, पातळ कातडीला काही सेकंदांत पोळते. म्हणून आधी गार, मग गरम हा क्रम घरात सर्वांना शिकवावा, आणि गीझरचे तापमान खाली आणून ठेवावे.

दोन किलोवॉट म्हणजे जवळजवळ नऊ अँपिअर. तेव्हा सोळा अँपिअरचे स्वतंत्र सॉकेट, पुरेशी जाड तार, आणि बटण न्हाणीघराच्या बाहेर. जुन्या घरांत अर्थिंग नावालाच असते. ते तपासून घ्यावे. आणि तीस मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवावा. ओल्या हाताने विजेचा झटका बसण्याची वेळ आली तर तो क्षणार्धात वीज तोडतो. साऱ्या कामात या छोट्या डबीची किंमत सर्वांत कमी असेल, आणि माणूस वाचवण्याची ताकद सर्वांत जास्त.

गॅसचा गीझर बंद न्हाणीघरात नको म्हणजे नकोच. त्याच्या ज्वाळेला हवा अपुरी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला ना रंग, ना वास. आत आंघोळ करणाऱ्याला गुंगी येते आणि दार आतून बंद असते. दर हिवाळ्यात अशा बातम्या वर्तमानपत्रांत येतात. असलाच तर तो बाहेर मोकळ्या हवेत बसवावा आणि फक्त पाण्याचा नळ आत आणावा.

दार, दांडी आणि बसायची जागा

दाराचे उलटे व्हायला हवे होते. आमचे जुने दार आत उघडायचे. आत माणूस पडले तर त्याच्याच अंगाने दार अडते आणि बाहेरच्यांना शिरता येत नाही. नवे दार बाहेर उघडते, त्याची मोकळी रुंदी तीन फूट आहे, आणि कडी बाहेरूनही उघडता येते. पुढेमागे चाकांची खुर्ची आली तर ती आत जाईल. उंबरा काढला, पाणी बाहेर येऊ नये म्हणून दाराशी लांबट जाळी घातली आहे.

खडूच्या नऊ फुल्या मी नकाशावर उतरवून ठेवल्या होत्या. त्यांतल्या पाच जागी स्टीलच्या दांड्या आल्या. मुठीत मावेल अशी सव्वा ते दीड इंच जाडी, आणि भिंतीपासून दीड इंच अंतर, म्हणजे बोटे मोकळी राहतात पण कोपर आत अडकत नाही. दांडी लादीवर नव्हे, लादीमागच्या पक्क्या विटेत किंवा सिमेंटमध्ये खोल बोल्टने धरली पाहिजे. बसवल्यावर यांनी प्रत्येक दांडीला आपले ऐंशी किलो लोंबकळवून पाहिले. मुलीने त्याचा फोटो काढला. तो आता सगळ्या नातेवाइकांकडे पोहोचला आहे.

कमोडची बैठक जमिनीपासून अठरा इंच. नेहमीच्या उंचीपेक्षा ही दोन इंच अधिक, पण गुडघे दुखणाऱ्याला ते दोन इंच फार मोठे. आंघोळीच्या बाजूला हात असलेली, रबरी पायांची खुर्ची, आणि बसल्या बसल्या पोहोचेल असा हातातला शॉवर. सासूबाईंना मात्र बादली-तांब्याच हवा होता. म्हणून भिंतीलगत फूटभर उंचीचा ओटा बांधून बादली त्यावर ठेवली. आता वाकावे लागत नाही. रात्रीसाठी बोळात आणि आत जमिनीलगत मंद दिवे आहेत, ते रात्रभर जळतात.

काम तीन आठवडे चालले. त्या तीन आठवड्यांत आम्ही चौघे आंघोळीला खालच्या वहिनींकडे जात होतो, त्याच छताखाली! एकूण खर्चाचा निम्म्याहून अधिक भाग लेप, नळ, तारा, ढाळ अशा न दिसणाऱ्या वस्तूंवर गेला. येणारे जाणारे लादीचे कौतुक करतात, तेव्हा मी गप्प बसते. पण सासूबाईंच्या उशाचा तांब्या हल्ली सकाळी रिकामा असतो, आणि संध्याकाळी पाच वाजले की आतून हाक येते, “चहा टाकलास का गं? आलं घाल.”

तुमच्या घरी अजून थकलेले माणूस नसेल, तर तुमचे कौतुक आहे. तरीही आखताना ते आहे असे धरूनच आखा. दांड्या आज लावल्या नाहीत तरी भिंत पक्की ठेवा, दार रुंद ठेवा, पायरी काढा. वीस वर्षांनी तिथे जाणारे थकलेले पाऊल आपलेच असेल. आणि लादीच्या दुकानात जाण्यापूर्वी वाण्याकडून दोन वस्तू आणा, एक शंभर पानी वही आणि एक खडूची कांडी. एवढ्या मोठ्या कामात त्याहून स्वस्त खरेदी दुसरी होणार नाही.